उंदराची प्रतिकारशक्ती वाढली म्हणून आपली वाढली असं होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या बातम्या आपल्या पेपरात सारख्या येत असतात, फक्त आपल्याच नाही सगळ्याच मराठी पेपरात येतात, आणि हेडलाइन असते "अमुक वनस्पतीने प्रतिकारशक्ती वाढते, संशोधकांचा दावा" आणि उंदीर येतो तो पार शेवटच्या परिच्छेदात, कधीकधी येतच नाही. मी एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. हेच प्रयोग आमच्याकडे एम.फार्म.ची मुलं करतात. आणि अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी लोक मेडिकलमध्ये जाऊन काय मागतात ते पण मला कळतं, कारण काउंटरवर आमचेच जुने विद्यार्थी उभे असतात. माझी मागणी एकच आहे ती आधीच सांगून टाकते. प्रयोग ज्या प्राण्यावर झाला त्याचं नाव हेडलाइनमध्येच टाका, आणि डोस किती होता, तोंडाने दिला की टोचून, आजार होता की नव्हता, एवढं तरी बातमीत लिहा. का ते जरा सविस्तर लिहिते.

उंदराची "प्रतिकारशक्ती वाढली" हे मोजतात कसं ते आधी बघा. ॲनिमल हाउसमध्ये भाताच्या तुसावर ठेवलेले पांढरे उंदीर, कुठला कोणता ते कळावं म्हणून पिक्रिक ॲसिडने कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीच्या बुडाशी पिवळा ठिपका लावलेला. त्यांना आठवडा दोन आठवडे रोज घशात नळी घालून वनस्पतीचा अर्क द्यायचा. मग खाटीकखान्यातून मेंढीचं रक्त आणायचं, गोठू नये म्हणून अल्सेव्हर सोल्यूशनमध्ये, त्यातल्या लाल पेशी धुऊन वेगळ्या करायच्या आणि उंदराला टोचायच्या. उंदराच्या शरीराला त्या पेशी परक्या, त्यामुळे त्याच्या रक्तात अँटिबॉडी (परक्या गोष्टीला चिकटणारी प्रथिनं) तयार होतात, त्या मोजायच्या. काही दिवसांनी त्याच पेशी मागच्या पायाच्या पंज्यात टोचायच्या, पंजा सुजतो, ती सूज दुसऱ्या दिवशी मोजायची. अजून एक टेस्ट आहे, शेपटीच्या शिरेतून काळी शाई द्यायची आणि थोड्या थोड्या वेळाने डोळ्यामागून रक्ताचे थेंब काढून बघायचं की शाई किती लवकर नाहीशी होते. औषधाच्या गटात पंजा जास्त सुजला, शाई लवकर गेली, की थिसिसमध्ये लिहितात प्रतिकारशक्ती वाढली. यात खोटं काहीच नाही. पण यात सर्दी कुठे आहे, डेंग्यू कुठे आहे, कोविड कुठे आहे? एका निरोगी उंदराचा पंजा सुजला, एवढं कळलं.

डोसचं पण तसंच. अशा प्रयोगात वजनाच्या दर किलोमागे 200 किंवा 400 मिलिग्रॅम अर्क देणं नेहमीचं आहे. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण बाराने भागतात, म्हणजे 400 चे झाले 32-33, आणि साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास 2 ग्रॅम अर्क. अर्क बरं का, पाला नाही, सुकलेला पाला त्याच्या कितीतरी पट लागेल. बातमी वाचून चार पानं चहात टाकणाऱ्याला हे कोण सांगणार?

कुणी म्हणेल हे कॉलेजातले प्रयोग झाले, मोठ्या लॅबमध्ये असं होत नसेल. तर इंटरफेरॉनचा इतिहास बघा, मी मुलांना हा विषय मुद्दाम वेळ काढून शिकवते. 1957 मध्ये लंडनच्या मिल हिलला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यावर उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा व्हायरस टाकला, आणि त्यांना दिसलं की त्या तुकड्यांभोवतीचं पाणी नव्या तुकड्यांवर टाकलं तर तिथे जिवंत व्हायरसही वाढत नाही. पेशींनी काहीतरी सोडलं होतं, तेच इंटरफेरॉन. लगेच सगळ्यांना वाटलं व्हायरसवरचं पेनिसिलिन सापडलं, पेपरवाल्यांनाही तसंच वाटलं. पण पुढच्या काही वर्षांतच कळलं की कोंबडीचं इंटरफेरॉन उंदराच्या पेशींवर काम करत नाही, उंदराचं माणसावर चालत नाही, प्रत्येक प्राण्याचं बहुतेक करून ज्याचं त्यालाच. म्हणून माणसासाठी माणसाच्याच पेशींतून काढावं लागलं, हेलसिंकीत कारी कँटेल यांनी रक्तदात्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून ते बनवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं जगातल्या बऱ्याच पेशंटना तिथलंच मिळत होतं, तेही पूर्ण शुद्ध नसलेलं. 1980 मध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या टीमने मानवी इंटरफेरॉनचा जीन बॅक्टेरियात घातला तेव्हा कुठे ते भरपूर बनवता यायला लागलं.

मधल्या काळात लोकांनी असाही विचार केला की बाहेरून देण्यापेक्षा शरीरालाच बनवायला लावू. 1967 मध्ये मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांच्या ग्रुपने दाखवलं की पॉली आय-सी नावाचा कृत्रिम दुपदरी आरएनए टोचला की सशाच्या, उंदराच्या शरीरात इंटरफेरॉन भराभर तयार होतं. माणसाला दिलं तर फारसं काहीच झालं नाही, कारण माणसाच्या आणि माकडांच्या रक्तातली एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतात. उंदरात ती एन्झाइम एवढी जोरात नाहीत. 1970 मध्ये टिलोरोन आलं, ते तर गोळीने द्यायचं, उंदराला पाजलं की रक्तात इंटरफेरॉन चढायचं, व्हायरसपासून उंदीर वाचायचे. माणसांत तसं इंटरफेरॉन चढलेलं दिसलं नाही आणि काही पेशंटच्या डोळ्यात कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, औषध साठायला लागलं. रशियात ते अजून अमिक्सिन नावाने विकतात, अमेरिकेत औषध म्हणून आलंच नाही. लेव्हामिसोल मुळात जंताचं औषध, 1971 मध्ये उंदरात ते प्रतिकारशक्ती वाढवतं असं दिसलं, आजही आमच्या थिसिसमध्ये तुलनेसाठी तेच औषध वापरतात. अमेरिकेत 1990 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी दुसऱ्या औषधाबरोबर त्याला परवानगी मिळाली होती, पण काही माणसांच्या पांढऱ्या पेशी त्याने एकदम घसरतात, शेवटी तिथल्या बाजारातून गेलं. म्हणजे ज्याच्याशी तुलना करून आम्ही "चांगलं" म्हणतो ते औषधच माणसाला मानवलं नाही!

एक उदाहरण तर प्रत्येक आरोग्य वार्ताहराने वाचावं असं आहे. 13 मार्च 2006, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल. टीजीएन-1412 नावाची अँटिबॉडी, टी पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, चेतवणारी. माकडांवर टेस्ट झालेली, काही त्रास नव्हता, म्हणून माकडांना चाललेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतका डोस सहा धडधाकट तरुणांना दिला, दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. दीड तासाच्या आत डोकेदुखी, ताप, उलट्या, मग एकेक करून सहाही जण आयसीयूत, फुप्फुसं किडन्या बंद पडायला लागल्या. सगळे वाचले, पण एकाच्या हातापायाची बोटं गेली. कारण नंतर सापडलं, ज्या खुणेला ही अँटिबॉडी चिकटते ती खूण माणसाच्या अनुभवी (आधी जंतूंशी गाठ पडलेल्या) टी पेशींवर असते, त्या माकडांच्या तशाच पेशींवर नसते. माकड म्हणजे आपला जवळचा नातेवाईक, तिथे ही गत, मग उंदराचं काय घेऊन बसलात.

आणि उंदीर पण कुठला उंदीर? जन्मापासून फिल्टरच्या हवेत, निर्जंतुक केलेल्या खाण्यावर वाढलेला, आजार करणारे नेहमीचे जंतू आयुष्यात न भेटलेला. 2016 मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी दाखवलं की अशा उंदराची प्रतिकारयंत्रणा नवजात बाळासारखी कोरी असते, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदरांबरोबर ठेवलं की (लॅबचे काही उंदीर त्यात मेलेसुद्धा) ती मोठ्या माणसासारखी होते. पुढे 2019 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या टीमने लॅबच्या उंदरांचे भ्रूण रानटी उंदरिणीच्या पोटात वाढवले, पिल्लं जीन्सने लॅबची पण अंगावरचे पोटातले जंतू सगळे रानातले. त्या पिल्लांना टीजीएन-1412 सारखीच अँटिबॉडी दिली तर ती माणसासारखी वागली, साध्या लॅबच्या उंदरांसारखी नाही. म्हणजे उंदीर चुकत नव्हता, आपण त्याला जसा वाढवला तसं तो उत्तर देत होता.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की मी प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा म्हणते. उलट. फ्रान्समध्ये विल्झुईफला आयन ग्रेसर यांनी उंदराचंच इंटरफेरॉन उंदराला देऊन वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी उंदरातलं इंटरफेरॉन अँटिबॉडी देऊन निकामी केलं तर साधे व्हायरसही जिवावर बेतले, तेव्हा कळलं की हे किती महत्त्वाचं आहे. आणि त्यांनीच दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तेच इंटरफेरॉन जास्त दिलं तर लिव्हर बिघडून पिल्लं मरतात. जे वाचवतं तेच मारतं, हे त्या पिल्लांनी आपल्याला सत्तरच्या दशकात सांगितलं. 2019 मध्ये आयोवाच्या संशोधकांनी मर्स (कोविडच्याच कुळातल्या व्हायरसचा आजार) झालेल्या उंदरांना इंटरफेरॉन बीटा, म्हणजे इंटरफेरॉनचाच एक प्रकार, दिलं, पहिल्याच दिवशी दिलं तर उंदीर वाचले, उशिरा दिलं तर उलट मेले. दुसऱ्या वर्षी कोविड आला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी ट्रायलमध्ये हॉस्पिटलात दाखल झालेल्या पेशंटना इंटरफेरॉन बीटा दिलं तर मृत्यू कमी झाले नाहीत. ॲडमिट होईपर्यंत पेशंटचे बरेच दिवस गेलेले असतात. एकट्या उशिरामुळेच असं झालं असं मी म्हणणार नाही, पण उंदराने "केव्हा" हा प्रश्न आधीच पुढे ठेवला होता. आपल्याकडे एप्रिल 2021 मध्ये झायडसच्या विराफिनला, म्हणजे पेगिलेटेड (शरीरात जास्त वेळ टिकेल असं केलेल्या) इंटरफेरॉन अल्फाला, मध्यम कोविडसाठी तातडीची परवानगी मिळाली, तेव्हाच्या किती बातम्यांत "आजाराच्या कितव्या दिवशी" हे होतं? मी तरी शोधून थकले.

त्याच काळात घराघरात गुळवेलीचा काढा उकळत होता. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये सहा पेशंटची माहिती छापली, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले, आणि त्यांचं म्हणणं असं की ऑटोइम्यून प्रकारचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसा, सुप्त आजार त्याने वर आला असावा. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पती नीट ओळखलीच नव्हती असं म्हटलं. वाद चालू दे, तो तज्ज्ञांचा आहे. पण प्रतिकारशक्ती "वाढवणं" सगळ्यांना चांगलंच असतं हे जे आपण धरून चालतो ते बरोबर नाही. संधिवात, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचे कितीतरी पेशंट असे असतात की त्यांची प्रतिकारशक्ती नको तिथे जास्त चालते म्हणूनच ते आजारी असतात. चामखिळीवर लावायचं इमिक्विमॉड क्रीम, जे गिनीपिगमधल्या हर्पिसच्या प्रयोगांतून पुढे येऊन 1997 मध्ये बाजारात आलं आणि खरंच काम करतं, तेच क्रीम आज उंदराच्या पाठीवर लावून सोरायसिससारखा आजार मुद्दाम तयार करतात. माझ्या ओळखीत संधिवाताच्या बाई आहेत, एकीकडे प्रतिकारशक्ती दाबायची गोळी डॉक्टरांनी दिलेली आणि दुसरीकडे पेपरचं कात्रण जपून ठेवून ती वाढवायचं चूर्ण, दोन्ही एकाच डब्यात.

आमच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. प्रत्येक प्रयोगासाठी एथिक्स कमिटीला फॉर्म भरून द्यावा लागतो, प्राणी का हवेत, किती हवेत, त्याशिवाय होणार नाही का. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा आहे, आणि 2023 मध्ये केंद्राने नवीन औषधांच्या नियमात पेशींवरच्या, जिवंत पेशी बसवलेल्या चिपवरच्या टेस्टलाही जागा दिली. तरी त्याच त्या वनस्पती, तोच मेंढीच्या पेशींचा आणि शाईचा प्रयोग दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात पुन्हा होतो, डिग्रीसाठी. ज्या प्रयोगाचं उत्तर आधीच छापलेलं आहे त्यासाठी उंदीर मारू नयेत, असं मी आमच्या मीटिंगमध्येही म्हणते आणि इथेही लिहिते. त्यात भर म्हणजे त्या उंदराच्या मरणातून जे थोडं कळलं तेही बातमीत धड पोचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या वार्ताहरांना वेळ नसतो हे मान्य. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मूळ शोधनिबंध वाचायची सवय लावतोच आम्ही, तुम्ही बातमी छापायच्या आधी निबंध पाठवलात तर प्राणी कोणता, जात कुठली, किती होते, डोस, आजार होता का आणि शेवटी किती जगले एवढं एका कागदावर त्याच दिवशी लिहून देतील. पैसे नकोत, नावही नको. कॉलेजचा पत्ता या पत्राच्या पाकिटावर आहे.

आपली,
एक नियमित वाचक आणि फार्माकॉलॉजीची शिक्षिका