किती मोठं करू?

आदरणीय बाई,

हे पत्र खरं तर शाळेत येऊन तुमच्या हातात द्यायचं होतं. दोनदा आलेही. पण तुमच्यासमोर रडू येतं आणि बोलायचं राहून जातं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते.

माझ्या लेकीला अल्पदृष्टी आहे. चष्मा लावूनही फळ्यावरचं वाचता येत नाही. आधीच्या शाळेत प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड होता, त्याची वेगळी फी आम्ही भरत होतो. त्या चकचकीत पडद्यावर तिला नुसता उजेड दिसायचा. तिला टॅब वापरू द्या म्हणून मी विनवलं, तर "एकीला दिला की सगळे मागतील" असं उत्तर मिळालं. तीन वर्षं ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत राहिली आणि प्रगतिपुस्तकात शेरा येत राहिला, 'वर्गात लक्ष नसते'. तो शेरा अजून माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच टीव्ही, तोही वीज असेल तेव्हा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही फळ्यावर गणित लिहिलंत, स्वतःच्या टॅबवर त्याचा फोटो काढलात आणि तिच्या बाकावर येऊन बसलात. "दिसतंय का?" असं तिला आजवर प्रत्येकाने विचारलं होतं आणि ती प्रत्येकाला 'हो' म्हणत आली होती. तुम्ही विचारलंत, "किती मोठं करू?"

बाई, या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणून सुटता येत नाही. तिने दोन बोटांनी आकडे स्वतःच मोठे केले. त्या रात्री जेवताना हे तिने मला तीनदा सांगितलं.

तुम्हाला यंत्रांचं वेड नाही, हेही मी पाहिलंय. चंद्राच्या कला शिकवताना टीव्हीवरचा व्हिडिओ मध्येच बंद करून तुम्ही विजेरी आणि चेंडू आणलात, आणि चेंडू तिच्या हातात दिलात. पालकसभेत म्हणालात, "पडद्यावर सगळं एकदम येतं. मी फळ्यावर लिहीत असते, तेवढ्यात पोरं विचार करतात." बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, हवं तेवढं अक्षर मोठं करून वाचता येतात, हे तुमच्याकडूनच कळलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी येते, हेसुद्धा. इतकी वर्षं फी घेणाऱ्यांपैकी एकालाही हे सांगावंसं का वाटलं नाही?

आमचा दुकानदार सुटे पैसे तिच्या तळहातावर एकेक मोजून ठेवतो. बहुतेक तो आधीपासूनच तसं करत असणार. माझं लक्ष आता जायला लागलं.

परवा एसटी स्टँडवर तिने माझा मोबाइल मागून घेतला, समोरच्या गाडीच्या पाटीचा फोटो काढला, मोठा केला आणि म्हणाली, "आई, ही आपली नाही. चढू नकोस."

तुमची,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई