नऊ आठवड्यांचे वर्ष होते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाच्या किमान वयाविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. मानीव दिनांकाच्या, म्हणजे ज्या तारखेपर्यंत प्रवेशाचे किमान वय पूर्ण व्हावे लागते त्या दिवसाच्या, मध्यरात्री जन्मलेल्या जुळ्यांपैकी एक मूल यंदा शाळेत जाणार आणि दुसरे पुढच्या वर्षी, हा प्रसंग लेखकाने ‘गमतीदार’ म्हणून रंगवला आहे आणि जुळ्यांचा विषय तेवढ्यावरच आटोपता घेतला आहे. जुळ्यांची आई म्हणून मला ते वाचून वाईट वाटले आणि रागही आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मध्यरात्रीची अडचण खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. जपानमध्ये वय मोजण्याच्या १९०२ सालच्या कायद्यामुळे १ एप्रिलला जन्मलेले मूल आधीच्या वर्षाच्या तुकडीत आणि २ एप्रिलला जन्मलेले मूल पुढच्या वर्षाच्या तुकडीत जाते, त्यामुळे त्या रात्री जन्मलेली जुळी दोन इयत्तांत विभागली जाऊ शकतात. आयर्लंडमध्ये २०१२ साली जुळ्या बहिणींच्या जन्मात तब्बल ८७ दिवसांचे अंतर पडले होते. पण अशी उदाहरणे विरळा असतात. मानीव दिनांकाचा खरा जाच ज्या जुळ्यांना होतो, त्यांच्या जन्मतारखा एकच असतात, त्यांची कागदपत्रे बिनचूक असतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

जुळी मुले बहुधा दिवस भरण्याआधीच जन्मतात. गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीची प्रसूती मुदतपूर्व मानली जाते, आणि अनेक देशांत निम्म्याहून अधिक जुळी बाळे या मर्यादेच्या अलीकडेच जन्माला येतात. माझी मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, ३१व्या आठवड्यात जन्मली. त्यांचा जन्म मानीव दिनांकाच्या तीन आठवडे आधी झाला. दिवस पूर्ण भरले असते, तर तो त्या दिनांकानंतर सुमारे दीड महिन्याने झाला असता आणि दोघेही एक वर्ष उशिरा पहिलीत बसले असते. म्हणजे जन्माला नऊ आठवड्यांची घाई झाली आणि नियमाने त्या नऊ आठवड्यांचे एक अख्खे वर्ष केले. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो, हे नियम करणाऱ्यांनी एकदा शांतपणे ध्यानात घ्यावे.

प्रवेशाच्या वेळी मी दोघांची डिस्चार्ज कार्डे बरोबर नेली होती. त्यांवर गर्भारपणाचे आठवडे, जन्माच्या वेळचे वजन, काचेच्या पेटीत काढलेले दिवस, मुलीला लागलेला व्हेंटिलेटर, सगळे डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी नोंदवलेले होते. खिडकीतल्या लिपिकाने कार्ड उलटसुलट करून पाहिले, “यातही जन्मतारीख तीच आहे ना?” असे विचारले, आणि जन्मदाखल्याची प्रत तेवढी ठेवून घेऊन कार्ड परत सरकवले. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या अर्जात आठवड्यांसाठी रकानाच नव्हता. मला नवल याचे वाटते की, हीच मुले दोन वर्षांची होईपर्यंत बालरोगतज्ज्ञ त्यांचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजत होते, वजन-उंचीचा तक्ता त्या सुधारित वयानेच भरत होते, आणि मान कधी धरली, पावले कधी टाकली याचा हिशेबही त्याच वयाने करत होते. सहाव्या वर्षी असा हिशेब करायची गरज उरत नाही, असे कोणी म्हणेल. एरवी ते मला मान्यही आहे, कारण त्या वयात नऊ आठवड्यांनी फारसा फरक पडत नाही. मात्र मूल मानीव दिनांकाच्या उंबरठ्यावर असेल, तर प्रश्न नऊ आठवड्यांचा राहत नाही, इयत्तेचा होतो.

मुख्याध्यापिकांना भेटून मी दोघांनाही एक वर्ष थांबवण्याची विनंती केली. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि मुलीला थांबवण्याची तयारी दाखवली. मुलगा मात्र चुणचुणीत आहे, त्याचे वर्ष का वाया घालवता, असे त्या म्हणाल्या. एकुलते मूल एक वर्ष उशिरा शाळेत गेले, तर दोन महिन्यांत कोणाच्या ते लक्षातही राहत नाही. जुळ्यांतल्या एकाला थांबवले, तर त्याच्या मागे राहण्याचा साक्षीदार रोज त्याच्याच शेजारी जेवायला बसतो, त्याचेच दप्तर दारात असते, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा “तू कितवीत आणि ही कितवीत?” असे विचारतो. म्हणून सर्वसाधारण मुलांसाठी जी सवलत ठरते, ती जुळ्यांपैकी एकालाच दिली तर शिक्षा होऊन बसते. आम्ही ती नाकारली आणि दोघांनाही त्याच वर्षी पहिलीत घातले. दुसरा मार्ग आम्हाला ठेवलेलाच नव्हता.

याच संदर्भात आणखी एक तक्रार मांडते, कारण ती यापासून वेगळी काढता येत नाही. शाळा सुरू झाल्यावर आम्हाला न विचारता दोघांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकण्यात आले. जुळी एकत्र राहिली तर एकमेकांवर विसंबतात, हे कारण सांगितले गेले. मुलीच्या बोटांत तेव्हा पुरेसा जोर नव्हता, पेन्सिल तिच्या हातातून निसटायची आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण तिला फिरवता येत नसे. बालवाडीत ते झाकण तिचा भाऊ उघडून देई. पहिलीत तिची बाटली रोज भरलेली घरी परत येऊ लागली. तिने बाईंना सांगितले नाही, कारण वर्गातल्या बाकी सगळ्यांना आपापली झाकणे उघडता येत होती. जुळ्यांना वेगळे करू नये, असा माझा हट्ट नाही. काही जुळ्यांना वेगळे केल्याने फायदाही होत असेल. पण ज्यांना वर्गात सर्वांत लहान म्हणून बसवले आहे, त्यांची तुकडी तरी आईवडिलांना विचारून ठरवायला हवी होती.

वर्गात सर्वांत लहान असण्याचे परिणाम झाकणापुरते थांबत नाहीत. १ सप्टेंबर हा दिनांक पाळणाऱ्या अमेरिकी राज्यांतील मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना अतिचंचलतेचे, म्हणजेच एडीएचडीचे निदान होण्याचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. केवळ वयाने लहान असल्यामुळे अस्वस्थ असणाऱ्या काही मुलांवर आजाराचा शिक्का बसत असावा, हा त्याचा सरळ अर्थ आहे. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावरही ‘एकाग्रता कमी’ हा शेरा कायम होता, आणि त्याच घरात वाढलेल्या भावाचे प्रगतिपुस्तक तिच्यापुढे ठेवून तो शेरा तिला समजावून सांगितला जाई.

यावर उपाय नाही, असे कोणी सांगू नये. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्ट हा दिनांक पाळला जातो. मूल नेहमीच्या वयोगटाबाहेर प्रवेश मागत असेल, तर ते मुदतपूर्व जन्मले नसते तर खालच्या वयोगटात आले असते का, हे विचारात घ्यावे, असे तिथल्या प्रवेशसंहितेत स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच संहितेनुसार लहान वर्गांत ३० मुलांची मर्यादा असताना जुळ्यांपैकी एकाला शेवटची जागा मिळाली, तर दुसऱ्याला मर्यादा ओलांडूनही प्रवेश देता येतो. नियम मोडावा न लागता नियमातच माणुसकीला जागा करता येते, याचा एवढा धडधडीत पुरावा असताना आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नसावा, याचे मला वाईट वाटते.

माझी मागणी फार मोठी नाही. मानीव दिनांक असावा. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला समजते. मात्र प्रवेश अर्जात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचा रकाना असावा, आणि जन्मतारीख व अपेक्षित तारीख या रेघेच्या दोन बाजूंना पडत असतील, तर कोणत्या वर्षी प्रवेश घ्यायचा हे पालकांना ठरवू द्यावे. जुळ्यांच्या बाबतीत असा निर्णय दोघांसाठी मिळूनच व्हावा. पालकांनी लेखी मागितल्याशिवाय शाळेने त्यांच्यातल्या एकालाच थांबवण्याचा पर्याय पुढे करू नये. आपण या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर नवजात शिशू विभागातल्या डॉक्टरांशी आणि पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षिकांशी आधी बोलावे, आणि ‘गमतीदार’ हा शब्द कृपया मागे घ्यावा.

आपली,
जुळ्यांची आई व आपल्या दैनिकाची नियमित वाचक