सापांच्या पोटाच्या जखमांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

पाळीव सापांची शुश्रूषा करणारे आमचे केंद्र स्वयंसेवकांच्या बळावर चालते. कायद्याने पाळायला परवानगी असलेले बॉल पायथन, कॉर्न स्नेक, बोआ असे साप पालक आमच्याकडे उपचारांसाठी आणतात. काही जण साप कायमचा सोपवूनही जातात. यातल्या बऱ्याच सापांचे दुखणे एकाच ठिकाणी असते, पोटाच्या कातडीला. खवले लालसर पडलेले, त्यांच्यात पाणी भरलेले बारीक फोड, आणि दुर्लक्ष झाले असेल तर तपकिरी होऊन कडा उचललेले, खालून पू येणारे खवले. सापप्रेमी याला स्केल रॉट म्हणतात.

हा आजार बहुतेक वेळा टाळता येतो, आणि लवकर कळला तर पूर्ण बराही होतो. आमच्यापर्यंत मात्र साप पोहोचतो तो उशिरा. म्हणून या वर्षी आम्ही औषधांच्या आधी थर्मोस्टॅट, म्हणजे पेटीतली उष्णता ठरावीक मर्यादेत ठेवणारे उपकरण, मागत आहोत. असे का, ते आधी सांगतो.

सापाचे पोट दिसत नाही. पाठ तजेलदार असते, साप खातो, जीभ लपलपवतो, म्हणून सगळे ठीक आहे असे घरच्यांना वाटते. पण साप चोवीस तास पोटावरच असतो. पोटाखालच्या रुंद, आडव्या खवल्यांच्या रांगेच्या जोरावर तो सरकतो. पेटीच्या तळाशी जे काही असेल, म्हणजे ओल, विष्ठा, जादा उष्णता, त्याचा पहिला मार याच खवल्यांना बसतो.

सर्वात जास्त घोळ होतो तो दमटपणाबाबत. बॉल पायथनला साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता लागते, हे पालकांनी वाचलेले असते. मग रोज फवारा मारला जातो. पाणी अंथरुणात झिरपते, तळाशी साचते, वरून कोरडे दिसते. आर्द्रता हवेत हवी, जमीन कोरडीच हवी, हा फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो. त्यात पेटीला हवा खेळायला जागा नसली आणि विष्ठा वेळेवर उचलली नाही, तर स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारखे जिवाणू मऊ पडलेल्या खवल्यांतून आत शिरतात. पेटी थंड असेल तर आणखी वाईट. सापाचे शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, त्याची प्रतिकारशक्तीही बाहेरच्या उष्णतेवर चालते. ओलसर आणि थंड पेटीतला साप साध्या संसर्गालाही तोंड देऊ शकत नाही. संसर्ग रक्तात उतरला की जीव वाचवणे अवघड होते.

दुसरे कारण भाजणे. थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) किंवा आतून तापणारा दगड सहज ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. आपला हात चटकन मागे येतो, साप मात्र भाजत असतानाही तिथेच पडून राहतो. विशेषतः पेटीची हवा गार असेल तर तो ऊब शोधत त्याच जागेला चिकटून बसतो. अशी जखम पहिल्यांदा स्केल रॉटसारखीच दिसते आणि मागाहून तिच्यात संसर्गही होतो. वेळीच लक्ष गेले नाही तर ही जखम खोलवर जाऊ शकते. साध्या थर्मोस्टॅटने आणि मॅटवर नीट चिकटवलेल्या त्याच्या प्रोबने (तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकाने) हे सगळे टळते. बॉल पायथनच्या पेटीत उबदार बाजू ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ अंशांच्या आसपास राहिली की साप स्वतःच आपली जागा निवडतो.

माइटचा त्रास असेल तरीही पोट बिघडते. हे बारीक काळे परजीवी खवल्यांच्या फटीत बसून रक्त पितात आणि जिवाणूही पसरवतात. हैराण झालेला साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहतो आणि पोट सतत ओले राहते. साप अचानक पाण्यातून हलेनासा झाला तर भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात का, ते जरूर बघा.

एक दिलासा मात्र देतो. कात टाकण्याच्या आधी, डोळे निळसर धुरकट होतात त्या दिवसांत, पोट गुलाबी दिसणे नेहमीचे आहे. कात पडल्यावर ते निवळते. लाली त्यानंतरही राहिली, ती काही खवल्यांपुरती ठळक असली किंवा फोड दिसले, तर थांबू नका. सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

केंद्रात उपचार कसे होतात ते थोडक्यात. एक जण सापाचे पूर्ण वजन दोन्ही हातांवर तोलून धरतो, दुसरा पोट वर करून प्रत्येक खवल्याची कड तपासतो. पोव्हिडोन आयोडीनचे कोऱ्या चहाइतके फिकट द्रावण किंवा ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडीन कापसाच्या बोळ्याने लावले जाते, डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजे खवले उलटे उचलले जात नाहीत. काही मिनिटे थांबून कोरडे टिपायचे आणि सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक मलमाचा पातळ थर द्यायचा. मग साप पांढऱ्या कागदावर ठेवायचा. पांढराच, कारण त्यावर रक्ताचा किंवा पुवाचा ठिपका लगेच उठून दिसतो, आणि कुठल्या जागेतून अजून स्राव येतो आहे ते कळते. कागद ओला झाला की तत्काळ बदलायचा. पाण्याचे भांडे लहान ठेवायचे, म्हणजे साप पिऊ शकेल पण त्यात बसणार नाही.

जखम खोल असेल तर पशुवैद्य स्राव किंवा कातडीचा तुकडा तपासणीला पाठवतात. कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणते प्रतिजैविक चालेल, हे त्यातून कळते. ओफिडिओमायसीससारखी बुरशी असेल तर तीही यातच सापडते. बुरशीच्या जखमा वरवर तशाच दिसतात, उपचार मात्र वेगळा असतो. अंदाजाने प्रतिजैविक देण्याच्या आम्ही ठाम विरोधात आहोत, आणि केंद्राचा सर्वाधिक पैसा या तपासण्यांवरच जातो. सेफ्टाझिडिमसारख्या प्रतिजैविकाचे इंजेक्शन पशुवैद्य बऱ्याचदा दर ७२ तासांनी देतात. त्याची एक कुपी माणसाच्या मापाची, सापाला लागतो तो थेंबभर डोस. म्हणून पशुवैद्य कुपीतले औषध छोट्या सिरिंजमध्ये वाटून गोठवून ठेवतात, आणि एका कुपीत अनेक साप निभावतात. त्यासाठी केंद्राला स्वतंत्र छोटा डीप फ्रीझर हवा आहे. खाद्याच्या फ्रीझरमध्ये औषध ठेवणे आम्हाला मान्य नाही.

आता मागणे स्पष्ट करतो. प्रोब असलेले, चालू स्थितीतले थर्मोस्टॅट आम्हाला हवेच हवेत. जुनेही चालतील. प्रत्येक थर्मोस्टॅट आम्ही डिजिटल थर्मामीटरसोबत पूर्ण दिवस चालवून तपासतो आणि ज्या पालकांकडे नाही त्यांना वापरायला देतो. स्वतःचा घेतला की त्यांनी तो परत आणायचा. एक थर्मोस्टॅट असा अनेक घरांत फिरतो, आणि त्या घरांतले साप आमच्या दारी यायची वेळच येत नाही. त्याबरोबर डिजिटल थर्मामीटर, आर्द्रतामापक, पृष्ठभागाचे तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा, झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणि छपाई नसलेला कागद यांचीही गरज आहे. लाकडी भुसा, विशेषतः देवदाराचा, कृपया आणू नका, तो सापांना घातक ठरतो.

रोख मदत तपासण्या आणि औषधांसाठीच वापरली जाईल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि खर्चाचा तपशील केंद्राच्या फलकावर लावला जाईल.

पैशांपेक्षा कमी पडतो तो माणसांचा वेळ. बरे होत आलेल्या सापाला पूर्ण भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात, मधे दोन-तीनदा कात पडते. अशा सापाला तात्पुरते घर देऊ शकणारे स्वयंसेवक हवेत. घरात दुसरा साप नसावा, रोज दोनदा कागद बदलायची तयारी असावी आणि हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुण्याची शिस्त असावी, कारण साप निरोगी दिसला तरी त्याच्याकडून माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला जिवाणू पसरू शकतो. ड्रेसिंग आम्ही शिकवू. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य आणि तपासणी प्रयोगशाळा महिन्यातले काही तास देऊ शकत असतील, तर आमचा मोठा भार हलका होईल.

ज्यांच्या घरी साप आहे त्यांना एक कळकळीची विनंती. आठवड्यातून एकदा त्याचे पोट बघा. साप काचेवर चढतो तेव्हा बाहेरूनही ते नीट दिसते. फोड दिसला तर फोडू नका, खपली ओढू नका, तेल किंवा माणसांची वेदनाशामक मलमे लावू नका. ओले अंथरूण काढून कोरडा कागद घाला, तापमान तपासा, स्पष्ट उजेडात पोटाचा फोटो काढा आणि पशुवैद्याकडे जा. पेटी धुताना फिनाईल अजिबात वापरू नका, फिनॉल सापांना विषारी असते. जंतुनाशक वापरल्यावर पेटी खळखळून धुऊन पूर्ण वाळू द्या.

वस्तू आणि रक्कम केंद्रात कामकाजाच्या वेळेत स्वीकारली जाते. थर्मोस्टॅट आणताना त्याचा प्रोब आणि माहितीपत्रक असल्यास सोबत आणा. सापाला तात्पुरते घर देऊ इच्छिणाऱ्यांनी नाव नोंदवून ड्रेसिंगच्या पुढच्या प्रशिक्षणाला यावे.