बोरच्या छावणीतून घरी

बोर, जोंगलेई राज्य, दक्षिण सुदान

ती. आबा व ती. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप आहे, हे सर्वांत आधी लिहितो. फोनवर आवाज मध्येच तुटतो, आणि आई बोलू लागली की ठरवलेले निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून पत्रच लिहायला बसलो. पलटणीतला दिवस कसा जातो हे आबांना सांगायला नको. फरक एवढाच की डोक्यावर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी आहे, आणि तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे साडेपाच झालेले असतात.

आई, शेजारच्या काकांनी तुला मोबाईलवर दाखवलेली बातमी खोटी नाही. एप्रिल २०१३ मध्ये याच जोंगलेई राज्यात दबा धरून केलेल्या हल्ल्यात आपले पाच जवान गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आकोबोच्या तळावर आणखी दोघे. मी हे तुझ्यापासून लपवले असे तू म्हणालीस. पण निघताना तुझे डोळे भरून आले होते, तेव्हा ते तोंडातून निघाले नाही. आम्ही एकटेदुकटे कुठेही जात नाही. मलेरियाची गोळी चुकत नाही, मच्छरदाणी आहे, लंगरात डाळ, भात, चपाती वेळेवर मिळते. सध्या तर पावसामुळे पुष्कळदा गस्तच निघत नाही. इथली जमीन आपल्या खालच्या रानासारखी काळीभोर आहे. दोन सरी पडल्या की चाक आसापर्यंत रुतते आणि मग हेलिकॉप्टरशिवाय दुसरी वाट राहत नाही.

आबा, तुम्हाला मात्र इथली जनावरे दाखवायला हवी होती. बोरच्या आसपास डिंका लोकांची वस्ती आहे, आणि त्यांचा सगळा संसार गाईबैलांभोवती फिरतो. शिंगे आपल्या खिलारापेक्षा जाड आणि लांब असतात. वयात येणाऱ्या मुलाला घरातून एक बैल मिळतो; त्याच्या रंगावरून त्या मुलाला नाव पडते, पांढऱ्याचे माबिओर, तांबड्याचे मालुआल, आणि तो त्या बैलावर गाणी रचून सगळ्यांसमोर गातो. शिंगांना गोंडे बांधतात. ते पाहिले तेव्हा आपला बेंदूर आठवला आणि यंदा शिंगे रंगवायला मी नव्हतो, हेही. संध्याकाळी शेणाचे ढीग पेटवून धूर करतात, म्हणजे डास हटतात. ती राख मग जनावरांनाही चोळतात आणि स्वतःच्या अंगालाही फासतात, त्यामुळे तिन्हीसांजेला माणसे पांढरीफटक दिसतात. गोमूत्राने केस धुऊन ते तांबूस करतात. एवढे असून त्या बैलाला नांगराला जुंपत नाहीत. एका म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत मला विचारले की तुझ्या घरी किती जनावरे आहेत. मी दोन बैल आणि एक म्हैस म्हणालो, तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आपल्या लष्कराचे पशुवैद्यक इथे जनावरांवर मोफत उपचार करतात, आणि लोक आम्हाला बंदुकीपेक्षा त्यांच्यामुळे अधिक ओळखतात असे मला वाटते.

हे एवढे विस्ताराने लिहिले, कारण इथली बरीचशी भांडणे याच दावणीपाशी सुरू होतात. इथे लग्नात मुलाकडचे लोक मुलीच्या घरी गाई देतात, तीस-चाळीस, मोठ्या घरात शंभरावर. ज्या तरुणाकडे एवढ्या गाई नाहीत तो दुसऱ्या टोळीच्या पळवून आणायला निघतो, आणि आता भाल्याच्या जागी रायफली आल्या आहेत. त्या गाईंसाठी कोवळ्या मुलींची लग्नेही उरकली जातात. गाई देवोत की हुंडा, मुलीला कोणी विचारत नाही, हे मला इथे येऊन फार बोचू लागले आहे.

म्हणून धाकटीविषयी स्पष्ट लिहितो. मुलगा चांगला आहे, तिलाही पसंत आहे, याचा मला आनंद आहे. पण त्या लोकांनी गाडीचा विषय पुन्हा काढला तर आबा, तुम्ही मान खाली घालू नका. सोसायटीचे कर्ज काढू नका आणि विहिरीजवळचा तुकडा कोणाकडे गहाण टाकू नका. इथला भत्ता मी साठवत आहे. मंडप, जेवण आणि तिचे दागिने एवढे त्यातून होईल, आणि पुढच्या महिन्यात पहिली रक्कम खात्यावर जमा करतो. आबांच्या डोळ्याची शस्त्रक्रियाही त्यातूनच करून घ्या, लग्नानंतर बघू असे म्हणू नका. ती वेळेवर व्हायला मी तिथे असायला हवे होते.

मार्गशीर्षातली तिथी माझ्यासाठी पुढे ढकलू नका. तेव्हा सुट्टी मिळणार नाही. मी चैत्रात येईन. धाकटीला मी अजून हे सांगितलेले नाही, आई, तूच सांग. कानपिळीला चुलत्याच्या थोरल्याला उभे करा, आणि त्याने मुलाचा कान जरा जोरात पिळावा, एवढे माझ्या वतीने त्याला सांगा.

तुमचा,
थोरला