मित्रास पत्र: आजीचा रकाना

प्रिय गड्या,

चार महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे ठीक, माझी पाठ आहे तशीच. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसला असतास.

मी सुट्टीचं वेळापत्रक केलं. हो, पुन्हा. त्या सहलीला मी '७.१० ते ७.२५ सूर्योदय पाहणे' लिहिलं होतं आणि तू तो कागद शेकोटीत घातलास, तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता. या खेपेला मोठा तक्ता, चौघांचे चार रकाने, रंगीत पेनं. थोरल्यानं तो नीट वाचला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला मजा आली की आम्हालाही आली असं धरा." १५ वर्षांचा आहे. इतके तिरकस आपण कधी होतो? तू होतास.

पहिल्याच रात्री गच्चीवर तारे. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात म्हणून मी सांगतोय आणि हा दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडतोय. वसिष्ठाशेजारची अरुंधती धाकटीला दिसली, मला नाही. नंबर वाढला असणार.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. खाली आल्यावर धाकटीनं तक्त्यापाशी उभं राहून विचारलं, "यात आजी कुठंय?" माणसं पाच, रकाने चार. मी आईला धरलंच नव्हतं! वर म्हणालो, "आजी घरीच असते की." हे बोलल्यावर मलाच कसंतरी झालं. धाकटीनं वहीचं पान उभं फाडलं, डिंकानं बाजूला चिकटवलं, वर 'आजी' लिहिलं आणि आईला विचारायला गेली. परत येऊन लिहिलं: सायकल शिकणे.

६७ वर्षं, आणि ते गुडघे. बायकोनं तक्त्याशी अबोला धरलाय, माझ्याशी मात्र फार बोलते. "हाड मोडलं तर?" तिचं खोटं नाही. मी दोन रात्री तेच चघळतोय. नाही म्हणायला जातो आणि आठवतं, आपण मैदानात गोल गोल फिरायचो तेव्हा आई कठड्यावर बसून आपल्या चपला सांभाळायची. तिलाही शिकायचंय हे तेव्हा तुझ्या ध्यानात आलं होतं का? खरं सांग. माझ्या नव्हतं आलं.

शेवटी थोरल्यानंच शोधून काढलं. सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, पेडलं काढून टाकायची आणि पायांनी ढकलत आधी तोल शिकायचा. नजर चाकावर नाही, समोर. ज्या बाजूला तोल जाईल त्याच बाजूला हँडल वळवायचं. उजवं पेडल पटकन निघालं. डाव्यावर मी अर्धा तास पाना लावून लोंबकळलो, बोटांची सालं निघाली. पोरगा हाताची घडी घालून बघत होता. मग म्हणाला, "बाबा, डाव्याचे आटे उलटे असतात. तुम्ही घट्ट करताय." पाना घेतला आणि एका झटक्यात काढलं. सांगायला अर्धा तास का लावलास विचारलं तर म्हणे, तक्त्यात माझी वेळ सहाची होती.

तर आता रोज ऊन उतरलं की आम्ही पाचही जण खाली. बायकोसुद्धा, हेल्मेट घेऊन. काल आईनं दोन्ही पाय उचलले. चाकाचा एक फेरा, फार तर दीड. पण काय ओरडली रे!

अडचण माझी आहे. मी सीट सोडतच नाही. तिच्यामागे वाकून पळतो, म्हणून पाठ. तू मला "धरलंय, धरलंय" म्हणत केव्हाच सोडलं होतंस. कपाळावरची खूण अजून आहे, आणि ते मी माफ केलेलं नाही. परवा ही तक्रार आईसमोर उगाळली तर ती म्हणाली, "तू काही सोडायचा नाहीस. त्यालाच बोलाव, तो खोटं बोलून सोडतो."

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा संपली असेल ना? त्यांनाही आण. पेडलं अजून बसवलेली नाहीत, तुझ्यासाठी थांबलोय.

तुझाच,
वेळापत्रकवाला

ता. क. डिंक संपलाय. तुझा रकाना तू चिकटव.