तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांना तुझी खरी गरज लागेल

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रथम वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाची जबाबदारी महाविद्यालयाने यंदा तुझ्याकडे सोपवली, हे कळल्यापासून मला फार समाधान वाटते आहे. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम कसा आखावा, असे तू विचारले आहेस. त्याबद्दल मी थोडेच लिहीन, कारण त्या दिवशी सगळेच नव्या मुलांसाठी धावपळ करत असतात. स्वागत होते, इमारती दाखवल्या जातात, माहितीपत्रके हातात पडतात, आणि त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत विसरलेही जाते. तू प्रत्येकाचे नाव नीट ऐकून लक्षात ठेवलेस, तरी त्या दिवसापुरते पुरे आहे. मला काळजी वाटते ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या परीक्षेच्या निकालापर्यंतच्या काळाची. तोवर स्वागताची लगबग ओसरलेली असते, ओळखींचे गट जमू लागलेले असतात, अभ्यास अंगावर आलेला असतो, आणि ज्याला अजून आपले असे कुणी सापडलेले नसते, त्याला आपण इथे चुकून आलो आहोत असे वाटू लागते.

गेल्या वर्षी तूही पहिले कित्येक आठवडे फोनवर ‘सगळं छान आहे’ एवढेच सांगत होतीस, आणि वर्गात प्रश्न विचारायला किती धीर एकवटावा लागत होता, हे तू सुटीत घरी आल्यावरच बोललीस. तुझ्या शेजारी बसणारीही तेच लपवत होती, हेही तुला उशिराच कळले. जो तो आपली अडचण झाकून ठेवतो, त्यामुळे प्रत्येकाला बाकीचे सगळे रुळलेले दिसतात. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच हेरून एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपल्यालाही परके वाटत होते आणि कालांतराने ते कमी झाले, असा त्या अनुभवांचा आशय होता. त्यानंतर त्या विद्यार्थ्यांना स्वतःचा अनुभव लिहून पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी सांगायला लावले. सुमारे तासाभराच्या या उपक्रमात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारत गेले. मला यातली विशेष भावलेली गोष्ट अशी की, त्या मुलांना मदत घेणारे म्हणून कुणी वागवले नाही. पुढच्यांना आधार देणारे म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. तेव्हा गटापुढे तू तुझ्या यशाची यादी वाचू नकोस. तुला काय जड गेले आणि ते कसे सुटत गेले, हे तपशिलाने सांग, आणि मग त्यांना बोलू दे.

मात्र नुसत्या सांगण्यावर भिस्त ठेवू नकोस. हाच उपक्रम पुढे २२ शिक्षणसंस्थांमधील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांसाठी राबवला गेला, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जिथे त्या विद्यार्थ्यांना सामावून घेतले जाण्याची प्रत्यक्ष संधी होती तिथेच त्याचा उपयोग झाला. ‘इथे तुझे कुणीतरी होईल’ असे आपण म्हणायचे आणि जेवायला बसताना सरकून जागा करून द्यायची नाही, हे त्या मुलाला लगेच समजते.

मैत्रीला वेळ लागतो, हे तर सगळेच म्हणतात. पण किती लागतो, याचा अंदाज अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी बांधला आहे. त्यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. त्यातही केवळ कामासाठी एकत्र घालवलेला वेळ तितका फळत नाही. म्हणून एखादा मोठा मेळावा भरवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी सहज जमण्याची सवय लाव. राहण्याची जागाही यात मोठे काम करते. मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-निवासांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शेजारशेजारच्या दारांमध्ये मैत्री अधिक जुळलेली आढळली, आणि जिन्यापाशी किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त झाल्या होत्या. तुझ्या गटातले कोण वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीत राहते, आणि कोण रोज दूरवरून ये-जा करत असल्यामुळे तास संपताच निघून जाते, हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेव. जमण्याची वेळ ठरवताना आधी त्यांना विचार.

अभ्यासाच्या बाबतीत त्यांची नड ओळख, पण त्यांचे काम स्वतः करून देऊ नकोस. शाळेत शिक्षक मागे लागून वह्या पूर्ण करून घेतात. इथे काम वेळेत दिले नाही तरी कित्येकदा कुणी विचारतही नाही, आणि निकालाच्या दिवशीच ते उघड होते. शाळेत पहिल्या आलेल्या मुलांना हा धक्का अधिक बसतो, कारण मदत मागण्याची त्यांना सवयच नसते. प्राध्यापकांना भेटायला जाणे हे कमीपणाचे आहे असे ज्याला वाटते, त्याच्याबरोबर पहिल्यांदा तू दारापर्यंत जा.

आता महत्त्वाचे. कुणी झोपेनासे झाले, जेवण टाळू लागले, सलग तासांना आले नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलले, तर ते गुपित म्हणून मनात ठेवण्याचे वचन देऊ नकोस. ‘मी तुझ्याबरोबर येते’ असे म्हणून त्याला समुपदेशकांकडे घेऊन जा, आणि जिवाला धोका वाटला तर क्षणभरही एकटे न सोडता लगेच जबाबदार शिक्षकांना कळव. कुणी नव्या मुलांना ‘गंमत’ म्हणून छळताना दिसले, तरी मध्यस्थी करत न बसता थेट तक्रार कर, मग तो तुझा मित्र का असेना.

तू एकोणीस-वीस वर्षांची आहेस आणि तुझाही अभ्यास आहे, हे मी विसरलेले नाही. सगळ्यांचे दुःख उराशी घेऊन तू रात्री जागू नयेस, असे मला मनापासून वाटते. तुझ्या वर्गातील आणखी कुणाला बरोबर घेऊन ही जबाबदारी सांभाळण्याची मुभा असेल, तर ती गट जमण्याआधीच मागून घे, म्हणजे तुझ्या परीक्षेच्या दिवसांतही त्या मुलांना हाक मारायला कुणीतरी असेल.

तुझी,
आई