डावा हात

ताई,

तुम्हाला मोबाइलवर एवढं लांब वाचायचा कंटाळा येतो माहितीये, सूनबाईंना वाचून दाखवायला सांगा. त्या दिवशी रक्त तपासायच्या लॅबच्या बाहेर तुम्हाला बसमध्ये बसवलं तेव्हा नुसतं "पोचलात की फोन करा" एवढंच बोलले, घरी आल्यावर लक्षात आलं की थँक्यू राहूनच गेलं. चार दिवस झाले, ते अजून गळ्याशी अडकलंय, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

ताईंना जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने एक अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. गावातल्या लग्न झालेल्या बायकांची दिवस राहायच्या आधीपासून मोजमापं घ्यायची, गरोदरपणात काय खाल्लं, शेतात किती राबली, पाणी कुठनं आणलं सगळं विचारायचं आणि मग झालेली पोरं मोठी होतील तशी त्यांनाही मोजत राहायचं. त्यातली मी एक, 1995 ची. या अभ्यासाची मोजमापं घ्यायला, माहिती लिहून न्यायला आमच्या घरी ताई यायच्या. ओट्यावर चप्पल काढायच्या, आई हातातलं काम टाकून "बाई आल्या" म्हणत चहा ठेवायची, आणि मी माळ्याखाली जाऊन लपायचे कारण मला वाटायचं आज सुई आहे.

माझ्या पायाला गेलं वर्षभर मुंग्या येत होत्या. जिना चढला की दम, दुपारी तर डोळे मिटायचे नुसते. आईला शुगर होती, त्यातच ती गेली, म्हणून भीती वाटून एका क्लिनिकला गेले. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वजन किती, 46? एवढ्या बारीक माणसाला कसली शुगर, टेन्शन कमी करा." दुसरीकडे गेले तर तिथे टॉनिक लिहून दिलं आणि लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. आईचं सांगायला तोंड उघडलं तर पुढचा नंबर पुकारला. मला राग चुकीच्या निदानाचा नाही हो, माणूस चुकतो. पण समोरची बाई काहीतरी सांगतीये तर दोन मिनिटं ऐकायचं नाही? आणि हे पुण्यात, ज्या पुण्याने जगाला सांगितलं की बारीक दिसणं म्हणजे सगळं ठीक असं नसतं! आमच्या सहा गावांतली बाळं सरासरी 2.7 किलोची जन्मली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आमच्या बाळांचं वजन घटलं ते मांसातलं, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. निम्म्याहून जास्त आयांना गरोदरपणात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांचं बी-12 कमी पण फोलेट (तेही एक जीवनसत्त्वच) जास्त, त्यांच्या पोरांच्या अंगाला सहाव्या वर्षीच साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन नीट लागू पडत नव्हतं. ज्या आयांच्या पानात पालेभाजी, फळं जास्त, त्यांची बाळं जरा मोठी निघाली. हे सगळं आमच्याच आयांच्या ओट्यांवर बसून गोळा केलेलं ज्ञान आहे, आणि मला दोन दवाखान्यांतून टॉनिक घेऊन परत पाठवलं.

मग मी ताईंना फोन केला. काम सोडून त्यांना किती वर्षं झाली, त्यांचा आता काही संबंध नाही. म्हणाल्या, "उपाशीपोटी ये, मी येते." सकाळी सव्वासातला लॅबच्या पायरीवर बसलेल्या, हातात कापडी पिशवी, दोन बस बदलून आलेल्या.

आत नवीन पोरगा होता. त्याने माझ्या उजव्या हाताला रबर बांधलं आणि शीर शोधत टिचक्या मारायला लागला. ताई खुर्चीतनं उठल्या, "उजवीकडं शोधू नको रे, तिची तिथं सापडत नाही, डावा घे." आणि मग काही न बोलता माझ्या आणि त्या सुईच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, पाठ त्याच्याकडे, तोंड माझ्याकडे, आणि विचारलं, "आंबा लावलावता परसात, तो आहे का अजून?"

ताई, मी सहा वर्षांची असताना केईएमला तुम्ही अश्शाच उभ्या होतात. ते ग्लुकोजचं गोड पाणी पिऊन मी रडत होते आणि तुम्ही आंब्याचंच विचारत होतात, तेव्हा तो गुडघ्याएवढा होता. आईला पण माझा उजवा-डावा आठवला नसता कदाचित. मला रक्त कधी काढून झालं कळलंच नाही, रडू आलं ते वेगळ्याच कारणाने, तो पोरगा बिचारा घाबरला, म्हणे मॅडम दुखलं का.

ब्रिटनमध्ये 1946 च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या 5,362 बाळांवर असाच अभ्यास चालू आहे, ती बाळं आज ऐंशीच्या घरातली म्हातारी माणसं. त्यांना दर वर्षी वाढदिवसाचं कार्ड पाठवतात म्हणे. हे वाचलं तेव्हा मला पटकन समजलं की माणसं एवढी वर्षं दंड मोजून द्यायला, रक्त द्यायला का तयार होतात. कोणीतरी आपली आठवण ठेवतंय म्हणून! आमच्याकडे कार्ड नव्हतं, तुम्ही होतात. आई शेतातनं दमून आली असेल तर आधी टोपलं उतरवायला हात लावायचा आणि मग वही काढायची, हे तुम्हाला कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही मला. चांगुलपणा म्हणतात तो हाच असावा.

रिपोर्ट आला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, 6.2, म्हणजे अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर. बी-12 तर फारच कमी. इंजेक्शनं सुरू झालीयेत, यावेळच्या डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आईचं पण.

तुमच्या पिशवीतला डबा माझ्याकडेच राहिलाय. मेथीची भाजी आणि दोन भाकरी, लॅबच्या पायरीवर बसून सगळं मी एकटीने संपवलं आणि तुम्ही नुसत्या बघत होतात. तीन महिन्यांनी परत तपासणी आहे. या वेळी बस पकडू नका, मी गावाला घ्यायला येते, डबा पण तेव्हाच आणते, रिकामा नाही आणणार. आणि हो, आंबा आहे अजून.